फाईल बॅगेतच ठेव: नव्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला पत्र

अरे,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला, मी तेव्हा झोपले होते, सकाळी चहा घेताना वाचला. "मॅडम गाडीचोरीच्या केसमधला पोरगा बोलतच नाही, पाऊण तास समोर बसवला, नुसतं हो आणि नाही, हात पण काळेच घेऊन आला होता, धुऊनसुद्धा नाही, फॉर्म सहा, तो सामाजिक तपास अहवालाचा, अख्खा कोरा आहे आणि नऊ दिवस गेले." वाचून मला हसूच आलं. राग मानू नकोस, माझ्या पहिल्या वर्षी व्हॉट्सॲप असतं तर मी पण कोणाला तरी रात्री साडेअकराला हेच पाठवलं असतं. फोनवर सांगण्यासारखं नाहीये हे म्हणून लिहितेय, आणि रिटायर माणसाला वेळच वेळ असतो त्यामुळे लांबेल, तू एसटीत वाच.

आधी मला सांग, त्याला बसवलंस कुठे? मी पैज लावते, टेबलासमोरच्या खुर्चीत. फाईल उघडी, पेनाचं टोपण काढलेलं, आणि पहिला प्रश्न "नाव काय तुझं?" अरे नाव फाईलवर आहे ना. या नऊ दिवसांत त्याला नाव किती जणांनी विचारलं ते मोज जरा, पकडलं ते हवालदार, पोलीस स्टेशनातले बाल कल्याण पोलीस अधिकारी, मेडिकलला नेलं तिथला डॉक्टर, बाल न्याय मंडळासमोर उभं केलं तिथली माणसं, आणि वर आता तू. प्रत्येक वेळी नाव विचारून झालं की पुढे त्याचं काहीतरी वाईटच झालंय. त्याच्या हिशोबात तूही पोलीसच, फक्त खाकी घातली नव्हतीस.

दुसरा प्रश्न तू "का केलंस" असा विचारला असणार. हा प्रश्न आपल्या कामातून हद्दपार करायला पाहिजे असं माझं मत आहे. कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "चूक झाली सर, परत नाही होणार". बारा वर्षाचं पोर असो की साठीतला म्हातारा, हे एकच वाक्य, जसंच्या तसं. ते त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं, कधी हवालदार, कधी वकील, कधी आई दारातून आत ढकलताना कानात सांगते. एकदा हे वाक्य बोलून झालं की दार बंद, त्यापुढे तू कितीही समजावून विचार, तो तेच परत म्हणणार.

आणि अजून एक, तुझ्याकडच्या पोराची चौकशी अजून चालू आहे. जेजे ॲक्टच्या, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या, तिसऱ्या कलमात तत्त्वांची यादी आहे त्यात पहिलंच तत्त्व काय, तो निर्दोष आहे असं धरून चालायचं. म्हणजे गाडी त्यानेच उचलली का हे शोधणं तुझं काम नाही, ते पोलीस आणि मंडळ बघतील. तरी नवी पोरं रिपोर्टमध्ये ठोकून देतात "बालकाने गुन्हा केल्याचे कबूल केले". आपल्याला कबुली नको असते रे, आपल्याला तो कसा जगतो ते पाहिजे असतं. म्हणून मी दिवस विचारायचे. त्या दिवशी उठलास कधी, खाल्लंस काय, घरात कोण होतं, मग कुठे गेलास, तिथे आधी कोण येऊन बसलं होतं. असं विचारत गेलं की पोरगं आपोआप चालायला लागतं, आणि एका जागी त्याचा वेग कमी होतो, शब्द अडखळतात. तिथे आपण थांबायचं. विचारायचं नाही, थांबायचं. गप्प बसणं तुला जमत नाही हे मला तू फिल्डवर्कला होतास तेव्हापासून माहितीये, तीन सेकंद शांतता झाली की तू पुढचा प्रश्न टाकतोस. नको टाकूस. खिडकीबाहेर बघ, चष्मा पूस, काहीही कर.

आता खरा मुद्दा, आणि या पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी हा लक्षात ठेव. दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, पण आपली नोकरीच दोन डगरींवर उभी आहे. एकीकडे आपण कोर्टाचे डोळे, दुसरीकडे त्या माणसाला मदत करणारे. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या प्रोबेशन कायद्याचं, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडायच्या कायद्याचं, कलम १४ काढून बघ, एकाच कलमात चौकशी करून कोर्टाला रिपोर्ट द्या असंही आहे आणि त्याला नोकरी शोधून द्यायची खटपट करा असंही. हे दोन्ही एकाच माणसाने करायचं आणि समोरच्याने तरी विश्वास ठेवायचा, अवघड आहे की नाही? बरेच जण यातून सोपी वाट काढतात. काही जण नुसते साहेब होतात, दम देतात. काही जण नुसते दादा होतात, "तू मला सगळं सांग, कोणाला सांगणार नाही" म्हणतात आणि मग तेच रिपोर्टात लिहितात. मला दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, दम देणारा निदान फसवत तरी नाही.

माझा उपाय साधा होता, पहिल्या दोन मिनिटांत दोन्ही डगरी त्याला दाखवून टाकायच्या. मी हे असं बोलायचे: "मी पोलीस नाही, वकील पण नाही. मंडळाने मला पाठवलंय, तू कसा राहतोस, घरी काय आहे, तुझं पुढे काय करता येईल ते बघायला. तू सांगशील त्यातलं कामाचं मी लिहून देणार आहे आणि मॅजिस्ट्रेट मॅडम ते वाचणार आहेत. एखादी गोष्ट सांगायची नसेल तर नाही सांगायची म्हण, चालेल, पण खोटं नको सांगू. आणि तुला कोणी मारलंय, नको ते केलंय असं काही असेल तर तेवढं मात्र मी माझ्याजवळ ठेवू शकत नाही, मला पुढे कळवावंच लागतं." शेवटचं वाक्य गाळू नकोस. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे तसलं काही कानावर आलं तर कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर आपल्यावरच गुन्हा. पोराने सगळं सांगून झाल्यावर "आता मला हे सांगावं लागेल" म्हणायचं म्हणजे त्याच्या पायाखालची फळी काढून घेण्यासारखं आहे. आधी सांगितलं तर काही पोरं थांबतात, दोन भेटी घेतात, मग सांगतात. घेऊ दे.

पण सगळं सांगून, टेबल बाजूला करूनही पोरगं बोललं नाही तर? मला असा एक भेटला होता, नावगाव बदलून सांगते. निरीक्षणगृहात होता, पंधरा वर्षांचा, चोरीची केस. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा भिंतीशी बोलल्यासारखं. चौथ्यांदा गेले तर स्वयंपाकघराबाहेर बायका तूरडाळ निवडत बसल्या होत्या आणि हा त्यांच्यात, मांडीवर ताट. मला बोलवायचं जिवावर आलं, म्हटलं बसूया इथेच. मीही ताट घेतलं. दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग हा माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही खडे सोडताय." खरंच सोडत होते, माझं लक्षच नव्हतं. त्याने माझं ताट ओढून घेतलं आणि परत निवडलं, आणि निवडता निवडता सांगितलं की घरी हे कामच त्याचं, आजीला दिसत नाही, रेशनच्या तांदळात खडे फार निघतात, एकदा आजीच्या दाताचा तुकडा पडला होता. आई? आई नाही. कधीपासून नाही? पाचवीत होतो. मग शाळा? मग कशाची शाळा. बघ, फॉर्म सहाचे अर्धे रकाने डाळीच्या ताटावर भरले. आणि आजीला आता कोण बघतंय हा प्रश्न तोपर्यंत कोणालाच पडला नव्हता, ना पोलिसांना ना मला. ती म्हातारी बारा दिवस शेजाऱ्यांच्या भाकरीवर होती. मी मंडळाला लिहिलेल्या रिपोर्टात पहिली ओळ तीच टाकली.

मी काही डाळ निवडायचं तंत्र शिकवत नाहीये तुला. हातांना काम असलं की तोंड मोकळं होतं एवढंच.

गृहभेटीचं बोलू. इथे मी जी माती खाल्ली ती तू खाऊ नकोस. नोकरीचं दुसरं वर्ष, पत्ता सापडेना म्हणून मी चौकीतून एक कॉन्स्टेबल बरोबर घेतला, युनिफॉर्ममध्ये, वर ऑफिसची जीप. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली तेव्हाच निम्मी गल्ली बाहेर. मी तासभर बसले, चौकशी केली, शेजारी विचारलं, फार मन लावून काम केल्यासारखं वाटलं मला. आठ दिवसांनी पोराची आई ऑफिसला आली, घरमालकाने खोली खाली करायला सांगितली होती. जेजे ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड होऊ द्यायची नाही, आणि मीच ती जीप भरून गल्लीत नेली. त्यानंतर मी कायम रिक्षाने नाहीतर चालत गेले, झोळीसारखी कापडी पिशवी घेऊन. कोणी विचारलं कोण तुम्ही तर "शाळेतून आलेय" म्हणायचे नाही, खोटं बोलायचं नाही, पण "त्यांच्याकडे आलेय" एवढं पुरतं. तसंही परिविक्षा हा शब्द कोणाला कळतो, अर्ध्या लोकांनी मला आयुष्यभर परीक्षा अधिकारीच म्हटलं, मीही कधी दुरुस्त केलं नाही, त्यात पोराचं भलंच होतं.

घर एका खोलीचं असतं आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आई देते. तिला गप्प कर म्हणू नकोस, ती पण घाबरलेली असते. पोराला म्हण चल, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येऊ. चालताना पोरं बोलतात, कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि त्याला एक प्रश्न नक्की विचार, घरात तू कोणाचं ऐकतोस? आईबापाचं नाव क्वचित येतं. आत्या, मामा, मोठी बहीण, गॅरेजवाला चाचा, कोणीतरी असतं. पुढची दोन वर्षं तुझी देखरेख त्या माणसाच्या जिवावर चालणार आहे, त्याचा नंबर घे. पोरांचे नंबर तीन महिन्यांत बदलतात, आत्याचा बदलत नाही.

चहा घ्यायचा का, हे तू मागे विचारलं होतंस. घे. आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे पायरी दाखवणं. पाकीट, नारळ, साडीचोळी काही नाही, फाईलखाली कोणी नोट सरकवली तर जागच्या जागी सगळ्यांसमोर परत. एकदा एका माउलीने मुलाचा बॉण्ड, म्हणजे चांगल्या वागणुकीचं हमीपत्र, संपला तेव्हा शेंगा आणून दिल्या, शेतातल्या, ओल्या, पदरात बांधून. त्या मी घेतल्या. नियमात बसत नाही, माहितीये.

शेजाऱ्यांची चौकशी फार जपून. शेजारी जे सांगतात त्यातलं निम्मं नळाच्या भांडणातून आलेलं असतं. आणि पारधी, कैकाडी, भामटा अशी जात कागदावर असली की लोक तुला डोळा मारून सांगतील "यांचं घराणंच तसलं". इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो जाऊन १९५२ पासून इतकी वर्षं झाली, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात, पण सोलापुरात मी होते तिथे त्या जमातींना डांबलेल्या काटेरी तारांच्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी "कौटुंबिक पार्श्वभूमी गुन्हेगारी स्वरूपाची" असे रिपोर्ट वाचलेत ज्यात घरातल्या एकावरही केस नव्हती. तुझ्या हातून तसलं वाक्य गेलं तर मला तोंड दाखवू नकोस.

रिपोर्टची तयार वाक्यं हा आपल्या खात्याचा जुना रोग आहे. "आर्थिक परिस्थिती हलाखीची." "संगत वाईट." "पालकांचे दुर्लक्ष." ही वाक्यं कोणत्याही पोराला बसतात म्हणजे कोणालाच बसत नाहीत. संगत वाईट म्हणजे कोण, किती मोठे, कुठे बसतात, नशेच्या बटन गोळ्या घेतात की नुसते कोयता घेऊन रील काढतात, ते लिही. ऑफिसात कॉम्प्युटर नवा आला तेव्हा मी जुन्या रिपोर्टवर नवा चढवायला शिकले होते, फार हुशारी वाटायची. एकदा मॅजिस्ट्रेटनी भर मंडळात विचारलं, "मॅडम, पहिल्या पानावर वारलेले वडील तिसऱ्या पानावर रिक्षा कशी चालवतायत?" रिक्षा आधीच्या पोराच्या बापाची होती. मला वाटलं लोक हसतील, कोणी हसलं नाही, कारण पोराची आई तिथेच उभी होती. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, त्यांच्याबद्दल काय लिहिलंय कागदात? काही कळलंय का?" त्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्ट कोऱ्या पानावरून.

शिफारस लिहिताना तारीख आणि माणूस लिही. "शिक्षणाच्या प्रवाहात आणावे" हे मंत्र्याच्या भाषणात शोभतं. तू लिही की सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून दहावीला बसवता येईल, फॉर्मचे पैसे मामा भरणार आहे, मामाशी अमुक तारखेला बोललो. नाहीतर आयटीआय, पण दहावीचा निकाल लागला की फॉर्म सुटतात, तुझी शिफारस दिवाळीत पोचली तर वर्ष गेलं. गल्लीतले लोक, आणि खरं सांगायचं तर काही पोलीससुद्धा, मे २०२४ मधल्या त्या पुण्याच्या पोर्शे प्रकरणापासून आपल्याला एकच विचारतात, "काय मॅडम, ३०० शब्दांचा निबंध लिहून सोडणार का?" वाद घालत बसू नकोस, पण यातून एवढं घे की पोकळ अट लिहिली की लोकांचा सगळ्या व्यवस्थेवरचाच विश्वास उडतो, आणि त्याचे चटके पुढच्या शंभर गरीब पोरांना बसतात ज्यांचं प्रकरण पेपरात येतच नाही.

आता मोठ्या माणसांचं. तुझ्याकडे प्रोबेशन ॲक्टच्या केसेस कमी येतील, आपल्याकडे कोर्टं हा कायदा हात राखूनच वापरतात, पण येतील तेव्हा गोंधळू नकोस. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ३६० आता नव्या संहितेत, बीएनएसएसमध्ये, ४०१ झालंय, त्यात देखरेखीची भानगड नाही, आपली देखरेख अठ्ठावन्नच्या कायद्याच्या कलम ४ मधून येते. बॉण्ड जास्तीत जास्त ३ वर्षांचा, देखरेखीचा आदेश केला तर किमान १ वर्षाचा.

मी बीडला असताना एक चाळिशीतला माणूस आला, बांधावरून चुलतभावाला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलेलं, तेव्हाचं आयपीसी ३२४, हत्याराने दुखापत. कोर्टाने २ वर्षांच्या बॉण्डवर सोडला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्याकडे हजेरी, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. पहिली मुलाखत मी झकास घेतली असं माझं मत होतं. व्यवसाय? शेती. मी लिहिलं शेती. तीन महिने बरोबर आला, टोपी काढून बसायचा, पाच मिनिटांत सही करून जायचा. मग एक सोमवार नाही, दुसऱ्या महिन्याचा पण नाही. मी कलम ९ खाली कोर्टाला कळवायचं पत्र टाईप केलं, अटींचा भंग म्हणून, सहीला ठेवलं. आमच्या ऑफिसचा शिपाई ते बघून म्हणाला, "मॅडम, दसरा झाल्यावर आमच्या तालुक्यात माणूस राहतो का?"

मग डोक्यात प्रकाश पडला. दीड एकर कोरडवाहू, त्यावर घर चालतं का? माणूस ऊसतोडीला जाणारा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ठेवलेली, आणि उचल घेतली की जावंच लागतं, नवराबायको मिळून एक कोयता. पहिल्या मुलाखतीत मी एक प्रश्न विचारला असता, "दसऱ्यानंतर काय करता?", तर हे सगळं जुलैमध्येच कळलं असतं आणि मी जिल्हा न सोडण्याची अट आधीच बदलून घेतली असती. आणि त्याने का सांगितलं नाही? कारण मी विचारलं नाही, आणि कोर्टाने जिल्हा सोडू नको म्हटलंय ते त्याने ऐकलं होतं, मला सांगितलं तर मी अडवीन ही भीती. मी पहिल्याच दिवशी अटी वाचून दाखवल्या, पण त्या अटी बदलता येतात हे सांगितलंच नाही.

मुकादमाला फोन करायचा मोह झाला होता, नंबर मिळत होता. नाही केला. मुकादमाला कळलं असतं की याच्यावर केस आहे, तर पुढचा हिशोब त्याने कसा केला असता ते सांगायला नको. त्याची आई गावात नातवंडं सांभाळत होती, तिला जाऊन भेटले, तिने सांगितलं तो कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे. मग कलम ८ खाली कोर्टात अर्ज केला, अट बदलून मिळाली, सीझनपुरती देखरेख तिकडच्या पीओकडे, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरकडे. तो गृहस्थ भला, फडात हजेरी घ्यायला नाही गेला, संध्याकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, जाऊन यायचा. एप्रिलमध्ये माणूस परत आला आणि दुसऱ्याच दिवशी न बोलावता ऑफिसला.

कलम ८ नीट वाच. बॉण्डच्या अटी बदलायचा अर्ज पीओने करायचा असतो, आपण हलल्याशिवाय ते दार उघडत नाही. आणि त्यातच पुढे आहे की माणसाची वागणूक ठीक असेल, देखरेखीची गरज उरली नसेल तर पीओच्या अर्जावर कोर्ट बॉण्डच संपवू शकतं. हे फार कमी लोक वापरतात, फाईल चालू असलेली बरी वाटते आपल्याला. अरे पण जो माणूस सरळ चाललाय त्याला महिन्याला बोलवणं म्हणजे त्याचा एक रोज बुडवणं, आणि तुझ्या बाकावर तो कोणाशेजारी बसतोय तेही बघ जरा. सुरुवातीचे तीन महिने जास्त भेट, मग सैल सोड, आणि वाचलेला वेळ ज्याचं खरंच हलतंय त्याला दे. कलम ९ हे शेवटचं हत्यार, पहिल्या चुकीला कोर्ट ५० रुपयांपर्यंत दंड करून बॉण्ड चालूही ठेवू शकतं, पण मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं, तेव्हा ते पत्र सहीला जाण्याआधी एक दिवस टेबलावर पडू दे. मात्र खरंच भंग असेल, परत जाऊन त्याच माणसाला धमक्या दिल्या असतील, तर दयामाया दाखवून लपवू नकोस. ती दुसरी डगर आहे ना, तीही आपलीच.

आश्वासनं देताना जीभ आवर. सरकारी नोकरीतला माणूस प्रोबेशनवर सुटला की पहिलं विचारतो, नोकरी राहील ना? कलम १२ मुळे अपात्रता लागत नाही हे खरं, पण दोषसिद्धी पुसली जात नाही, १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खातं त्या वर्तनावरून कारवाई करू शकतं. "वकिलाला विचारा" एवढंच म्हण. पोरांचं वेगळं. सकाळी पाचला भरतीसाठी पळणारी पोरं तुझ्याकडे येतील आणि विचारतील, सर माझी पोलीस भरती गेली का? त्यांना जेजे ॲक्टचं कलम २४ आणि ७४ सांग, केस निकाली निघाली की चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करायची नाही असं कायद्यात स्पष्ट आहे. त्याची झेरॉक्स दे हातात. कागद हातात असला की पोराची मान वर होते, मी पाहिलंय.

आणि ते प्रोबेशनवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायची आयडिया, जी तू मागच्या महिन्यात उत्साहाने सांगितलीस, ती गाड. एका ग्रुपमध्ये वीस जण म्हणजे वीस जणांना एकमेकांची केस माहीत. लाईव्ह लोकेशन पण मागू नकोस, त्याने माणूस कुठे आहे ते कळतं, कसा आहे ते कळत नाही. १८४१ मध्ये बॉस्टनला बूट शिवणाऱ्या जॉन ऑगस्टस नावाच्या माणसाने कोर्टात उभ्या असलेल्या एका दारुड्याला स्वतः जामीन राहून सोडवलं, तीन आठवड्यांनी शुद्धीवर आणून परत कोर्टात उभं केलं, आपल्या धंद्याची सुरुवात तिथून सांगतात. त्याच्याकडे फॉर्म पण नव्हता आणि फोन पण.

बरं, तुझा पोरगा. मेसेजमध्ये तू चिडून लिहिलंस की हात काळेच घेऊन आला, धुऊनसुद्धा नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. अरे ऑइलचा काळा साबणाने जात नाही, नखांच्या कडेला तसाच राहतो. म्हणजे ते पोरगं कुठेतरी गाड्यांवर काम करतंय, बहुतेक रोज, आणि तुझ्या त्या कोऱ्या फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात काहीच नाही. कुठे काम करतो, रोज किती देतात, देतात की नाही, ती चोरीची गाडी त्याच गॅरेजला आली होती का, तिथला मालक याच्याबद्दल काय म्हणतो, हा "ज्याचं ऐकतो" तो माणूस तोच आहे का, की त्यानेच याला यात घातलंय, मला काहीच माहीत नाही, तुलाही नाही.

रिपोर्ट द्यायच्या पंधरा दिवसांतले अजून सहा दिवस आहेत. रविवारी जा, दुपारी जेवणं झाल्यावर. तुझ्या बाईकची चेन वाजते म्हणत होतास ना, ती घेऊनच जा, आणि त्याला विचार आवाज कशाचा येतोय. गॅरेजवर नको, त्याच्या घराजवळ. फाईल बॅगेतच राहू दे, फॉर्म घरी आल्यावर त्याच रात्री भर, दुसऱ्या दिवसावर टाकलास की त्याचे शब्द जाऊन तुझे येतात. साडेअकराला मेसेज केलास तरी चालेल, मी सकाळीच वाचते.